धबधब्याजवळची तिघांची खोली

ता. ४ ऑगस्ट

वहिनी,

नमस्कार. पुढचं 'वि. वि.' लिहीत नाही, कारण विनंती काही नाही. 'सप्रेम'ही मुद्दाम गाळलं आहे.

लिहायचं कारण असं, की धबधब्याजवळच्या त्या निवासाच्या मालकीणबाईंचं कार्ड काल माझ्याकडे आलं. दादाने गेल्या वर्षी तिथे खोली राखून ठेवली होती आणि पत्ता माझा दिला होता. पाण्याच्या दिवसांत तिथे जागा मिळत नाही, वर्षभर आधी नंबर लावावा लागतो, हे त्याने तुम्हालाही दहा वेळा ऐकवलं असेल. बाईंनी विचारलं आहे, सप्टेंबरमधली तिघांची खोली कायम ना? ज्याने खोली घेतली तोच आता येणार नाही, हे त्यांना कोणी कळवायचं?

मी कळवते आहे, की मी येते. एकटी. तुमचं नाव तुम्ही काढून घ्यावं.

त्याचा बेत मला पाठ आहे. आधी दोन दिवस माझ्याकडे शहरात, ट्रामने भटकायचं, बाजार बघायचा, वजनकाट्यांचं संग्रहालय बघायचं, संध्याकाळी चौकात बँड ऐकायचा. आणि मग धबधबा. जन्मभर लोकांच्या दुकानांतले काटे बरोबर करत फिरला. म्हणायचा, एकदा असं काहीतरी बघू या, की जे कोणत्याच काट्यावर चढवता येणार नाही. दर वर्षी म्हणायचा. दर वर्षी काहीतरी आडवं यायचं. शेवटी खोली घेतली, तर स्वतःच गेला.

आता चौथ्यांदा विचारते. दादा दोन आठवडे दवाखान्यात होता. मी एका रात्रीच्या गाडीच्या अंतरावर. तुम्ही मला का बोलावलं नाहीत? मी पोचले तेव्हा त्याच्या पलंगावरची चादर बदललेली होती. मला डोळे मिटलेला दादा दाखवलात. उघड्या डोळ्यांचा तुम्ही एकट्याने ठेवून घेतलात.

फोनवर विचारलं की तुम्ही तोंडात मिठाची गुळणी धरता. मला वाटतं लाईन तुटली. मी हॅलो हॅलो ओरडते आणि शेजारचे भिंतीवर थापा मारतात. म्हणून कागदावर विचारते आहे. कागदाला तरी उत्तर द्यावं.

लोभ आहे की नाही ते तुमचं तुम्ही तपासा. रक्त तपासता तसं.

तुमची नणंद


ता. १० ऑगस्ट

वन्सं यांस,

स. न. वि. वि.

पत्र पोचलं. मी माझं नाव काढणार नाही. खोली ह्यांनी तिघांची घेतली होती, त्या तिघांत मी आहे. प्रयोगशाळेत रजा मागितली होती, ती मिळाली आहे. साहेबांनी कारण विचारलं नाही.

तुमच्याकडे उतरणार नाही. स्टेशनसमोरच्या लॉजमध्ये खोली सांगितली आहे. तुम्हाला त्रास नको आणि मलाही नको. शहरात तुम्हाला जमेल तेवढ्या ठिकाणी बरोबर यावं, नाही जमलं तर मी एकटी बघीन. मला ट्रामचा नकाशा वाचता येतो.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडून मिळणार नाही. पाचव्यांदा विचारू नका असं मी म्हणत नाही. विचारा. पण मिळणार नाही.

इकडे ठीक आहे. ह्यांची वजनं पेटीत तशीच आहेत. अजून अधूनमधून दुकानदार काटा घेऊन येतात. त्यांना सांगावं लागतं, की दुरुस्ती आता बंद आहे. काही जण ऐकून काटा उचलतात आणि जातात, काही जण दारात उभे राहतात. दारावरची पाटी काढायला हवी. ती उंच आहे. स्टूल लागेल आणि स्टूल धरायला माणूस लागेल, म्हणून राहिलं आहे.

ह्यांचं रक्त पहिल्यांदा मीच तपासलं होतं. तुम्ही रक्ताचं लिहिलंत म्हणून सांगितलं.

लोभ असावा.

तुमची वहिनी


ता. १६ ऑगस्ट

वहिनी,

नमस्कार. याहून जास्त काही लिहिलं तर पेन मोडेल.

माझ्या शहरात, माझ्या भावाची बायको लॉजवर उतरणार! वा! सांगा सगळ्यांना, की नणंदेच्या घराला छप्पर नाही. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत मी एकटी राहते, एक खोली दादासाठी म्हणून मी कधी भाड्याने दिली नाही, आणि तुम्ही स्टेशनसमोर ढेकणांना भेटायला जाणार. जा. ढेकूण तरी तुमच्याकडून चार शब्द काढतात का बघू.

मी तीस वर्षं बहिऱ्या मुलांना शिकवलं. ज्या पोराच्या तोंडून जन्मात आवाज निघाला नव्हता, त्याच्याकडून वर्षभरात 'आई' म्हणवून घेतलं आहे. त्याच्या आईला शाळेच्या पायरीवर बसून रडताना बघितलं आहे. आणि तुमच्याकडून मला एक वाक्य काढता येत नाही. तुम्ही बहिऱ्या असतात तर मला जमलं असतं.

दादा तुम्हाला मौनीबाई म्हणायचा आणि मला भोंगा. म्हणायचा, आवाज वाटपाच्या दिवशी मौनीबाई रांगेत मागे उभी राहिली, आणि भोंग्याने तिचाही वाटा उचलून आणला. तुम्ही यावर हसायचात. तेव्हा मला वाटायचं, किती गोड आहे माझी वहिनी. मी तुम्हाला 'अगं वहिनी' म्हणत असे, आठवतं? आता 'अहो' म्हणते. तुम्ही ते ऐकून घेतलंत, एकदाही विचारलं नाहीत की हे काय. यावरूनच समजायचं ते समजले.

आणि रक्त तुम्ही तपासलंत हे सांगून काय मिळवलंत? म्हणजे तुम्हाला सगळ्यांच्या आधी कळलं होतं. तरीही मला नाही.

उरलासुरला लोभ लॉजच्या खिडकीत वाळत घाला.

तुमची नणंद


ता. २२ ऑगस्ट

प्रिय मामी,

शि. सा. न. वि. वि.

आईने मला तुझी आणि तिची दोघींची पत्रं फोनवरून वाचून दाखवली. तुझी एका दमात, स्वतःची आठवून, अभिनय करून. मी एका गोठ्यात उभी होते, एक हात गायीच्या पोटावर होता. गाय घाबरली. तिच्या मालकाने विचारलं, डॉक्टर, घरी कोणी आजारी आहे का? मी म्हटलं, आजारी नाही, दोघी नणंद-भावजया आहेत. तो म्हणाला, मग यावर औषध नाही.

मामी, मी जनावरांची डॉक्टर. कुठे दुखतं ते माझा एकही पेशंट सांगत नाही, तरी मला कळतं. तुम्हा दोघींचं मात्र कळत नाही. आईचं तरी सोपं आहे. ती भांडी आपटते म्हणजे तिला मामाची आठवण येते. हल्ली तिच्याकडे एकही कढई सपाट बसत नाही. पण तू काय करतेस? तू तर भांडंही हळू ठेवतेस.

तिला का नाही गं बोलावलंस? मी रागाने विचारत नाही. तुझ्या हातून विसरून झालं असेल, असं मला वाटत नाही. तू दुधाचं पातेलंसुद्धा कधी उतू जाऊ दिलं नाहीस. काहीतरी असणार. ते तिला सांग, नाही तर निदान खोटं सांग. खोट्यावर ती चार दिवस ओरडेल आणि मग तुला जेवायला वाढेल. गप्प बसलीस तर ती जन्मभर ओरडेल.

आणि आईशी भांड, पण तिच्या घरी उतरून भांड. एकच सावध करते. लहानपणी मी खिडकीबाहेर उभी राहून मैत्रिणीच्या कानात काही सांगितलं, की आई आतून त्याचं उत्तर द्यायची. बंद काचेतून ओठ वाचायची. आमच्या घरात गुपित राखायचं, तर पाठ फिरवून बोलावं लागे. तुला काय त्याचं म्हणा, तू समोरून तरी कुठे बोलतेस!

मला सुट्टी नाही, नाही तर मधे पंच म्हणून आले असते. धबधब्याला माझा नमस्कार सांग. मामाच्या वाटचं जरा जास्त वेळ बघ.

लोभ आहेच, तो दोघींनी मिळून वाढवावा.

तुझी भाची


ता. १२ सप्टेंबर

चि. भाचीबाईस,

अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या आईच्या घरून लिहिते आहे. ट्राम गेली की इथले कप हलतात, तसंच माझं अक्षरही हललं आहे. सांभाळून वाच.

लॉजवर मी फार वेळ राहिले नाही. बॅग ठेवून तोंड धुते आहे तोच खालून आवाज आला. खाली गेले तर तुझी आई गल्ल्यावरच्या माणसाला विचारत होती, माझ्या भावाची बायको लॉजवर झोपते म्हणजे माझी माणसं मेली आहेत का? एवढं बोलल्या आणि एकदम गप्प झाल्या. मग त्यांनी माझी बॅग उचलली आणि चालू लागल्या. मी मागून गेले. ट्राममध्ये त्या पुढच्या बाकावर बसल्या आणि मी मागच्या. तिकिटं त्यांनी दोन काढली, पण माझं माझ्या हातात न देता कंडक्टरकरवी पाठवलं.

दोन दिवस शहर बघितलं. ह्यांनी सांगितलं होतं तसंच आहे, फक्त आवाज जास्त आहे. बाजारात एका ओळीत फुलं, पलीकडच्या ओळीत पक्ष्यांचे पिंजरे, आणि त्यापुढे जुनी हत्यारं. प्रत्येक जण ओरडतो. तुझी आई त्यांच्याहून मोठ्याने ओरडून भाव करते, आणि मग काही न घेता पुढे जाते. काचेच्या इमारतीच्या लिफ्टमधून वर गेलो. वरून सगळे रस्ते दिसतात. मला भोवळ आली तेव्हा त्यांनी माझा दंड धरला आणि खाली आल्याबरोबर सोडला.

संग्रहालयात सोनं तोलायचे, टपाल तोलायचे, माणूस तोलायचे असे सगळे काटे आहेत. एका मोठ्या काट्याची एक बाजू केसभर खाली होती. मी थांबले. तुझी आई माझ्याआधीच थांबली होती. पहारेकऱ्याला म्हणाली, हा काटा खोटा दाखवतो. तो म्हणाला, बाई, माझं काम फक्त हात लावू न देणं हे आहे. आम्ही दोघी तिथे बराच वेळ उभ्या राहिलो. एकमेकींकडे बघितलं नाही.

दुपारी कॉफीच्या दुकानात काचेजवळ बसलो होतो. बाहेर एक जोडपं बोलत होतं. तुझी आई मला सांगू लागली, तो म्हणतोय उद्या नक्की, आणि ती म्हणतेय गेल्या महिन्यातही उद्याच होता. मला हसू येत होतं. मग त्यांनी माझ्याकडे टक लावून बघितलं. मी कप तोंडासमोर धरला.

काल संध्याकाळी चौकात गेलो. दिवे लावले होते, बँड होता, लोक नाचत होते. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तुझ्या आईला नाचायला बोलावलं आणि त्या गेल्या. वर्षसुद्धा झालेलं नाही. परत आल्यावर धापा टाकत म्हणाल्या, दादा असता तर तोही नाचला असता. मला फार राग आला. हे नाचले नसते. ह्यांनी माझी पर्स धरली असती आणि लोकांकडे बघितलं असतं. माझ्या नवऱ्याने काय केलं असतं, ते मला दुसऱ्याने सांगायची गरज नाही. तेव्हापासून आम्ही बोललेलो नाही. तशाही फार बोलत नव्हतो.

तू विचारलंस त्याबद्दल. मी एका माणसाला शब्द दिला आहे, की हे मी बोलणार नाही. तो शब्द परत द्यायला ते माणूस आता नाही. यापुढे विचारू नकोस. आईलाही यातलं काही सांगू नकोस.

उद्या सकाळच्या बसने धबधब्याला जाऊ.

जेवणखाण वेळेवर करत जा. गायींच्या मागच्या बाजूला उभी राहू नकोस.

तुझी मामी


(स्वयंपाकघरातल्या टेबलावर, १३ सप्टेंबर, सकाळ)

वहिनी,

बोलायचं नाही असं ठरलेलं दिसतं, म्हणून लिहिते. झाकणाखाली अंडी आहेत. बस चौकातून सुटते. मी नाचले याचा राग आला असेल तर तोंडाने सांगा. माझ्या भावाचं दुःख मी नाचून करीन, नाही तर डोक्यावर उभी राहून करीन. तुम्ही ते गिळून करता, मी काही म्हणाले?

नणंद


वन्सं,

हो, म्हणालात. दोन पत्रांत.

अंडी खाल्ली. कच्ची होती. राग आला आहे. माझी छत्री घरी विसरले, म्हणून तुमची एक घेतली आहे, काळी. हे नाचले नसते.

वहिनी


ता. १९ सप्टेंबर

वहिनी,

नमस्कार वि. वि. या वेळी लिहिते, कारण शेवटी एक विनंती आहे. त्याआधी भांडण आहे, ते पूर्ण वाचावं.

बसमध्ये तुम्ही खिडकीकडे तोंड केलंत ते उतरेपर्यंत. निवासाच्या बाईंनी तीन ताटल्या मांडून ठेवल्या होत्या. मी कार्डावर एकटीच येते असं लिहिलं होतं, तुम्ही 'दोघी येतो' असं लिहिलं असणार, म्हणून बाईंनी मूळचंच खरं धरलं. तिसरे कुठे आहेत म्हणाल्या. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. सांगायचं काम माझ्यावर टाकलंत. मी सांगितलं. आयुष्यात एवढ्या हळू आवाजात मी काही बोललेली नाही, तुम्ही तिथे होतात.

खोलीत तीन पलंग. मी माझं सगळं सामान मधल्या पलंगावर पसरलं तेव्हा तुम्ही अशा बघत होतात, की जणू मी धर्मशाळा लुटते आहे. तो पलंग रिकामा बघत मला झोप लागली नसती. तुम्हाला तरी लागली असती का?

दुसऱ्या दिवशी धबधबा. रस्त्यावर होतो तेव्हाच जमीन हलायला लागली, माझे कप हलतात तशी. फाटकावरच्या मुलीने टोपीचे तीन रेनकोट दिले, निवासाच्या चिठ्ठीवर तीन लिहिलं होतं म्हणून. तिसरा तुम्ही दंडावर घेतलात. मी मागितला तर दिला नाहीत. कठड्यापाशी गेलो आणि मी दोन्ही हातांनी कठडा धरला. एवढी रुंद नदी चालत चालत येते, आणि तिला कोणी सांगितलेलंच नसतं की पुढे जमीन नाही. दादाचं खरं होतं. हे कोणत्याच काट्यावर चढलं नसतं. मला वाटलं, हे न बघताच तो गेला, आणि मी त्याला न बघता राहिले. आणि दोन्हींच्या मधे ही बाई उभी आहे, दंडावर त्याचा रेनकोट घेऊन.

म्हणून मी पाचव्यांदा विचारलं. ओरडून विचारलं. आणि पहिल्यांदा माझा भोंगा चालला नाही. पाण्यापुढे मलाच माझा आवाज आला नाही. मी जे जे मनात होतं ते सगळं बोलले. काय काय बोलले ते तुम्हाला ऐकू गेलं नाही हे बरं झालं.

मग तुम्ही जागा बदललीत. मला वाटलं, माझ्यापासून लांब जाताय. टोपी मागे सारलीत आणि बोलू लागलात. तुम्ही! मौनीबाई! समोर उभ्या राहून, न थांबता. तुमच्या लग्नापासून आजवर तुम्ही जेवढं बोलला असाल त्याहून जास्त. तुम्हाला वाटलं, इथे बोललं काय आणि नाही काय, हिला कुठे ऐकू येणार. तीस वर्षं मी काय काम करत होते ते तुम्ही विसरलात. झाली की नाही फजिती?

ओठांवरून निम्मंच कळतं, वहिनी. उरलेलं माणूस ओळखून भरावं लागतं. माझं दुर्दैव असं, की त्या बोलण्यातली दोन्ही माणसं मी ओळखते. तुम्ही म्हणालात, की त्यानेच सांगितलं, तिला बोलावू नकोस. ती आली की रडेल, मग मला तिची समजूत घालावी लागेल, आणि आता माझ्यात तेवढा दम नाही. आणि मी असं म्हणालो हे तिच्याजवळ कधी बोलू नकोस.

बरोबर आहे ना? चुकलं असेल तर कळवा. चुकलेलं नाही. हे त्याचंच वाक्य आहे.

परतीच्या बसमध्ये मी गप्प होते ते रागाने. तुमच्यावरच्या नव्हे. गेले पाच दिवस मी त्याच्याशी भांडते आहे. माझा दात पडला तरी समजूत त्यानेच घालायची, मी नापास झाले तरी त्यानेच. म्हणून जन्मभर हेच गृहीत धरून बसला, की रडायचं मी आणि समजूत घालायची त्याने. मी त्याची समजूत घालायला आले असते! एकदा तरी! मी रडणाऱ्या दोनशे पोरांना गप्प केलं आहे. माझ्याजवळ बसून त्याला घाबरता आलं असतं. हे त्याला सुचलं नाही. आणि तुला? तुला तरी सुचायचं होतं. तू 'हूं' म्हणाली असशील.

'तू' झालं बघ. असू दे. अहो-जाहो करत भांडायला दम लागतो, आणि तो आमच्या घराण्यात कमी आहे असं कळतं.

तू मला इतके महिने चुकीच्या माणसावर रागवायला लावलंस. दादावर रागवायचा हक्क माझा होता. तो तू स्वतःच्या अंगावर घेऊन बसलीस, मी दगड मारत राहिले आणि तू झेलत राहिलीस. कोणी मागितला होता हा उपकार? मेलेल्या भावावरही बहिणीला रागवता आलं पाहिजे. तेवढं तरी नातं उरतं.

आता विनंती. सगळ्यात शेवटी तू एक वाक्य बोललीस. रेनकोट दंडावरून काढून छातीशी धरलास आणि बोललीस. ते मला कळलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी गेलं होतं. तुषार उडत होते. ते वाक्य उलट टपाली लिहून पाठव.

लोभ आहे. वाढवायचा की नाही, ते वाक्य आल्यावर बघू.

भोंगा

ता. क. माझी काळी छत्री परत दे.


ता. २४ सप्टेंबर

वन्सं यांस,

स. न. वि. वि.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा उभं राहून वाचलं.

तुम्ही काय काम करत होता ते मी विसरले नव्हते. कॉफीच्या दुकानात मी तोंडासमोर कप धरला होता, आठवत असेल. धबधब्यापाशी ऊन माझ्या पाठीवर होतं, चेहरा अंधारात राहिला असता. म्हणून मी जागा बदलली. टोपीची सावली ओठांवर येत होती, म्हणून ती मागे सारली. हळू बोलले. तुमच्या शाळेत नव्या बाईंना शिकवतात तसं, हे तुम्हीच एकदा सांगितलं होतं.

ह्यांना मी शब्द दिला होता, की हे मी बोलणार नाही. तिथे मी बोलले असं कोणाला म्हणता येणार नाही. मलाही माझा आवाज आला नाही. हे असते तर म्हणाले असते, काटा जरा झुकता ठेवलास. ठेवला. ह्यांनी जन्मभर सरळ ठेवला, मी एकदा झुकवला.

तुम्ही वाचलंत ते बरोबर आहे. पण मी 'हूं' म्हणाले नव्हते. वन्सं समजूत घालायला येतील, असं मी ह्यांना म्हणाले होते, दोनदा. हे म्हणाले, भोंगा समजूत घालायला लागला तर शेजारच्या खोलीतले पेशंट बरे होऊन पळून जातील. हसायला गेले आणि खोकला आला. मग मी विषय काढला नाही. हे तुम्हाला सांगू नकोस असं ते म्हणाले नव्हते, म्हणून लिहिलं.

त्यांच्यावर रागवा. मीही रागावते, रोज. त्यांनी तुमच्यापासून स्वतःला लपवलं आणि लपवायचं काम मला दिलं. मला विचारलं नाही, की तुला ते पेलेल का. पण माझ्यावरचा राग सगळा काढून घेऊ नका. तुमची पत्रं वाईट असत, तरी टपालाची वाट बघायची सवय झाली आहे. या घरात माझ्याशी भांडायला दुसरं कोणी नाही.

छत्री परत मिळणार नाही. तुम्ही बसमधून उतरताना माझा रुमाल घेऊन गेलात, तो पांढरा, ह्यांचा. आधी तो पाठवा.

शेवटचं वाक्य मी कागदावर लिहिणार नाही. ते ह्यांचं नव्हतं, माझं होतं, त्यामुळे शब्द मोडायचा प्रश्न नाही. पण मला मौनीबाई म्हणता, तर थोडं नाव राखू द्या. जिथे बोलले तिथेच पुन्हा बोलीन. तेव्हा डोळे पुसून उभ्या राहा.

त्याआधी जमलं तर इकडे या. दारावरची पाटी काढायची आहे. मी स्टुलावर चढते, तुम्ही धरा, आणि खालून ओरडू नका. अंडी मी उकडीन.

निवासाच्या बाईंना पुढच्या सप्टेंबरचं कळवलं आहे. पत्ता तुमचा दिला आहे. किती जणांची खोली, असं त्यांनी विचारलं. मी तिघांचीच सांगितली. तुमच्या सामानाला एक पलंग लागतो.

लोभ असावा ही विनंती.

तुमची वहिनी